नऊ मिलिमीटरची नॅरोगेज

सौंदडहून गोंदिया–बल्लारशा मार्गावरच्या गाड्या आता ब्रॉडगेजवरून जातात. आमच्या घरच्या प्लायवुडवर मात्र अजून नॅरोगेजच आहे. त्यामागे जुन्या गाडीची ओढ आहे, तसा हिशोबही आहे. रेल्वे मॉडेलच्या छंदात १:८७, म्हणजे ‘एचओ’ प्रमाण सगळ्यात जास्त चालतं. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटरचे. परदेशातल्या १,४३५ मिलिमीटरच्या गेजला ते बरोबर जुळतात, पण आपलं १,६७६चं ब्रॉडगेज त्या प्रमाणात १९ मिलिमीटरच्या पुढे जातं. उलट, १९९०च्या दशकात ब्रॉडगेज होण्याआधी इथून धावणारी नॅरोगेज ७६२ मिलिमीटरची. तिला ८७ने भागलं की पावणेनऊ येतात, आणि ‘एन’ प्रमाणाच्या छोट्या गाड्यांचे ९ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. म्हणून इंजिनाची खालची बाजू ‘एन’ची आणि वरचं कवच घरी कार्डशीट कापून केलेलं.

कटर, बारीक स्क्रू आणि डिंक वरच्या फळीवर. खालची कामं पाच वर्षांच्या लेकीकडे. डबे रुळावर चढवणं त्यातलं अवघड. एक बोगी बसवावी तर दुसरी उतरते. ती गाल प्लायवुडला टेकवून रुळाच्या रेषेत बघते आणि डबा बोटाने हलकेच ढकलते. खडखडला, तर कुठलं तरी चाक बाहेर आहे.

‘‘बाबा, काहून थांबली?’’ हा रोजचा प्रश्न. दोन रुळांतून १२ व्होल्टपर्यंत वीज इंजिनाच्या चाकांत जाते. मध्ये काजळी साचली की मोटर बंद. उत्तर तोंडी न देता तिच्या हाती सुती फडकं दिलं. रुळावरून एकदा फिरवल्यावर त्यावर उमटलेल्या दोन काळ्या रेघा तिने आईला नेऊन दाखवल्या.

मग स्टेशनावर तिने विचारलं, खऱ्या रुळातही वीज असते का? इथली वीज वरच्या तारेतून येते, २५,००० व्होल्टची, आणि चाकांमधून रुळांवाटे परत जाते. घरच्या रुळाला हात लावायचा. इथे फलाटाच्या कडेला जायचं नाही, रूळ ओलांडायचे नाहीत. हे दोन्ही नियम एकाच दमात सांगावे लागतात.

एक गोष्ट मात्र सांगून जमली नाही, ती म्हणजे वेग. कंट्रोलरची नॉब तिच्या हातात आली की पार शेवटापर्यंत फिरायची आणि वळणावर गाडी आडवी. शेवटी आइस्क्रीमच्या काड्यांचं फाटक केलं आणि तिला गेटवाली नेमलं. तिच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, एक प्लास्टिकचा हत्ती असं सगळं रीतसर पलीकडे गेल्याशिवाय गेट लागत नाही. तोवर गाडी आउटरला उभी. मी जरा नॉब फिरवली की ती ओरडते, ‘‘हळू! लाल आहे.’’