दिवसा चावणाऱ्या डासाला रात्रीची कॉइल

2018 च्या सप्टेंबरमध्ये जयपूरच्या शास्त्रीनगर भागात झिकाचा रुग्ण सापडला आणि पुढच्या काही आठवड्यांत राजस्थानातली रुग्णसंख्या दीडशेच्या वर गेली. बाधितांत गर्भवतीही होत्या, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटवणारा म्हणूनच तर झिका कुप्रसिद्ध. तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास चावतो दिवसाउजेडी, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या सुमारास. आपल्या सवयी मात्र मलेरियाच्या निशाचर डासाने लावलेल्या: दिवेलागणीला खिडक्या लावायच्या, कॉइल पेटवायची, झोपताना मच्छरदाणी सोडायची. झिका-डेंगीच्या शहरात याआधी अंगाला लावायच्या मलमाचा विचार व्हायला हवा, कारण कॉइल किंवा लिक्विडच्या मशीनमधलं ॲलेथ्रिन, ट्रान्सफ्लुथ्रिन खोलीच्या हवेत काम करतं. माणूस शाळेला, बाजाराला निघाला की ते घरीच राहतं. डीट, पिकारिडिन किंवा ओडोमॉसमधलं डायइथाइल बेंझामाइड कातडीवर असतं, म्हणून सोबत येतं. डास त्याने मरत नाही, आपल्यावर बसायचं टाळतो. सिट्रोनेलाचं तेल मात्र लवकर उडून जातं, ते वारंवार लावावं लागतं.

‘रसायन अंगाला कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे. पण डीट 1957 पासून सर्वसामान्यांच्या वापरात आहे, आणि वेष्टनावरच्या सूचना पाळून गर्भवतींनीही ते वापरावं, असं अमेरिकेची आरोग्य यंत्रणा सांगते. दोन महिन्यांखालच्या बाळाला मात्र कुठलंच मलम नको, जाळीच बरी. उलट बंद खोलीतली एक कॉइल सूक्ष्म कणांच्या हिशेबात 75 ते 137 सिगारेटींची बरोबरी करते, असं 2003 च्या एका अभ्यासात दिसलं. कडुनिंबाचा धूरही शेवटी धूरच. ‘नैसर्गिक’ म्हटल्याने फुप्फुसं फसत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: डास पैदाच होऊ न दिला तर मलम हवं कशाला? खरंच आहे. जयपूरच्या उन्हाळ्यात घरोघरी चालणारे कूलर आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्या ही एडिसची आवडती ठिकाणं. आठवड्यातून एकदा कूलर नुसता रिकामा करून भागत नाही, टाकीच्या कडा घासाव्या लागतात. तिथे चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. पण शेजाऱ्याचा कूलर आपल्या हातात नसतो. 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण सापडला, तेव्हा हा प्रश्न आपल्याही दारात आहे. मुलं शाळेला निघताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, उघड्या हातापायांना मलम लावा. सनस्क्रीन लावत असाल तर ते आधी, मलम नंतर.