वाचलेले प्रयोग परीक्षेत का आठवत नाहीत?

मानसशास्त्राच्या परीक्षेत केवळ सिद्धांत सांगून भागत नाही. तो कोणी, कोणत्या साली, कोणत्या प्रयोगाने तपासला आणि निष्कर्ष काय निघाला, हेही लिहावे लागते. आदल्या रात्री अनेकदा वाचलेले हे तपशील उत्तरपत्रिका समोर येताच नाहीसे होतात, असा पुष्कळांचा अनुभव आहे. त्याचे कारण याच शास्त्राने शोधले आहे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणाचे मोजमाप प्रसिद्ध केले. निरर्थक शब्दावयवांच्या याद्या ते स्वतः पाठ करीत आणि काही काळाने त्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे मोजीत. एका तासानंतर ही बचत निम्म्याहूनही कमी, तर एका दिवसानंतर सुमारे एकतृतीयांश उरे. पुढे मात्र विस्मरणाचा वेग मंदावे.

मग उपाय कोणता? २००६ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना शास्त्रीय विषयांवरील उतारे वाचावयास दिले. एका उताऱ्याचे त्यांनी पुन्हा वाचन करावयाचे, तर दुसरा न पाहता, आठवेल तेवढा लिहून काढावयाचा. पाच मिनिटांनंतर पुनर्वाचन सरस ठरले : शेकडा ८१ विरुद्ध ७५. परंतु आठवड्यानंतर पुनर्वाचनाने शेकडा ४२, तर लेखनाने शेकडा ५६ मुद्दे आठवले. दुसऱ्या एका प्रयोगात वारंवार वाचणाऱ्यांनाच आपल्या स्मरणाची अधिक खात्री वाटत होती. आठवड्यानंतर मात्र तेच मागे पडले. वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो. ती ओळख म्हणजे स्मरण नव्हे.

म्हणून विद्यार्थ्याने पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत : प्रयोग कोणी केला, केव्हा केला, कसा केला आणि काय आढळले? नंतर ती पुस्तकाशी ताडून पाहावीत. हे ताडणे आवश्यक आहे. कारण आठवताना मनुष्य रिकाम्या जागा आपल्या समजुतीने भरतो, हे केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालच्या ग्रंथात दाखविले आहे. काही दिवसांच्या अंतराने हाच क्रम पुन्हा करावा. आठवण्याचा हा सराव आरंभी कष्टाचा वाटेल आणि चुकाही होतील. पण त्या परीक्षेत होण्यापेक्षा घरीच झालेल्या बऱ्या.