अपोलो बंदर आणि दाणाबंदर

मुंबईस जाणारे आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील सभासद बहुधा सहकुटुंब अपोलो बंदरावर जातात, गेट वे ऑफ इंडिया पाहतात, लाँचीतून फेरफटका मारतात व परततात. ही सहल सुखाची खरी, परंतु अपुरी आहे.

मुंबईच्या पश्चिमेस उघडा समुद्र आहे. पूर्वेस बेट व मुख्य भूमी यांमधील पाणी आडोशाचे आहे. म्हणून गोद्या पूर्वेस झाल्या. ससून डॉक १८७५ साली, प्रिन्सेस डॉक १८८० साली व व्हिक्टोरिया डॉक १८८८ साली सुरू झाली. गेट वे १९२४ सालचे. तत्पूर्वी तेथे कोळ्यांचा साधा धक्का होता. म्हणजे आजचे विहारस्थळ हे मूळचे श्रमस्थळच होय.

तेथून उत्तरेस मस्जिद स्थानकाजवळ दाणाबंदर आहे. तरुणपणी मी तीर्थरूपांसमवेत तुरीची वानगी घेऊन तेथे गेलो होतो. समुद्र पाहण्याचा हट्ट धरताच ते म्हणाले, “आधी बाजार, मग समुद्र.” पुढे धान्याचा घाऊक बाजार वाशीस गेला.

घारापुरीच्या लाँचीस सुमारे एक तास लागतो. सोमवारी लेणी बंद असतात. वाटेत नांगरलेली जहाजे व पलीकडे १९८९ साली सुरू झालेल्या न्हावाशेवा बंदराच्या उंच याऱ्या दिसतात. त्या मुलांना अवश्य दाखवाव्या. माझ्या नातवाने विचारले, “आजोबा, आपण इथे धान्य विकत होतो?” सांगणारे आहेत तोवरच हे सांगून ठेवावे, एवढीच बंधुभगिनींस विनंती.