तेहतीस शर्यती

नॅस्कारच्या सर्वोच्च, म्हणजे कप मालिकेत जॅनेट गथ्री यांच्या नावावर ३३ शर्यती आहेत. १९७६ मध्ये ५, १९७७ मध्ये १९, १९७८ मध्ये ७ आणि १९८० मध्ये २. मधलं १९७९ साल कोरं. विजय एकही नाही. ज्या मालिकेत रिचर्ड पेटी यांनी २०० शर्यती जिंकल्या, तिथे ३३ शर्यतींच्या कारकिर्दीकडे कुणी सहसा थांबून बघत नाही. मला मात्र वाटतं, की अमेरिकी स्टॉक कार शर्यतींचं अर्थकारण समजून घ्यायचं तर पेटींच्या विजयांपेक्षा या ३३ शर्यतींनी जास्त कळतं.

१९७७ च्या मोसमात एकूण ३० शर्यती होत्या. गुण प्रत्येक शर्यतीला मिळतात, म्हणजे जी शर्यत चुकली तिचे गुण गेले. विजेतेपदासाठी तीसही शर्यती धावाव्या लागत आणि त्यासाठी हाताशी चार-सहा गाड्या, जादा इंजिनं, पगारी मेकॅनिक, टायरांचा ढीग आणि हे सगळं राज्याराज्यांतून फिरवायला ट्रक लागत. हा खर्च बक्षिसाच्या रकमेतून निघत नाही, तो प्रायोजक उचलतो. प्रायोजकाने अर्ध्या मोसमाचे पैसे दिले तर चालक अर्धाच मोसम धावतो. त्याचा तोटा नुसता गुणांत मोजता येत नाही. इतर चालक ज्या ट्रॅकवर वीस वेळा धावून आलेले असतात, तिथे पार्ट-टाइम चालक पहिल्यांदा उतरतो. पुन्हा त्याच ट्रॅकवर यायची वेळ आलीच तर वर्ष उलटून गेलेलं असतं.

गथ्री नॅस्कारच्या जगात आल्या तेव्हा ३८ वर्षांच्या होत्या. जन्म १९३८ चा, आयोवा सिटीचा; बालपण मायामीत. वडील वैमानिक, आणि यांनीही सतराव्या वर्षी विमान चालवण्याचा परवाना मिळवला. १९६० मध्ये मिशिगन विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन त्या लाँग आयलंडवरच्या रिपब्लिक एव्हिएशन कंपनीत अभियंता म्हणून लागल्या. नासाने शास्त्रज्ञ-अंतराळवीरांसाठी अर्ज मागवले तेव्हा त्यांनी अर्ज केला आणि पहिली चाळणी पारही केली. त्याच काळात एक जुनी जॅग्वार घेतली, पुढे दुसरी घेतली आणि तिचं इंजिन स्वतः खोलून, स्वतः बांधून त्या स्पोर्ट्स कार शर्यतींत उतरल्या. सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दोनदा पहिल्या आल्या. थोडक्यात, १९७६ मध्ये वर्तमानपत्रांनी ज्यांना ‘नवशिकी बाई’ ठरवलं, त्यांच्या गाठीशी तेरा वर्षांचा शर्यतींचा अनुभव होता.

त्या वर्षी संघमालक रोला व्होलस्टेड यांच्या गाडीतून नॅस्कारबाहेरच्या इंडियानापोलिस ५०० साठी पात्र ठरण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. गाडीलाच पुरेसा वेग नव्हता. दिग्गज चालक ए. जे. फॉइट यांनी आपली राखीव गाडी सरावापुरती दिली, तेव्हा त्याच गथ्रींनी पात्रतेला पुरेल असा वेग काढून दाखवला. पण शर्यतीसाठी ती गाडी मिळाली नाही. मग शार्लट स्पीडवेचे हम्पी व्हीलर यांनी त्यांना आपल्या ६०० मैलांच्या शर्यतीचं आमंत्रण दिलं. गाडी घेतली शार्लटच्याच एक बँक अधिकारी लिंडा फेरेरी यांनी, आणि ती सांभाळायला राल्फ मूडी यांच्यासारखा मुरलेला माणूस आला.

शार्लटला जे घडलं ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या खेळाचं मर्म त्यात आहे. स्टॉक कार बाहेरून दुकानात मिळणाऱ्या शेवरलेसारखी दिसते. आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, एक सीट आणि सुमारे ५.९ लिटरचं आठ सिलिंडरांचं इंजिन. त्या काळी वजन सुमारे १,७०० किलो. लंबगोल ट्रॅकवर ती सतत डावीकडेच वळते, त्यामुळे डाव्या आणि उजव्या बाजूच्या स्प्रिंगा सारख्या नसतात, टायरांतली हवा सारखी नसते, चारही चाकांवर पडणारा भार ठरवून कमीजास्त केलेला असतो. एका कोपऱ्यातली स्प्रिंग जरा कडक झाली की वळणात गाडीचं नाक भिंतीकडे जातं. उलट बाजूला चूक झाली की मागची चाकं सुटतात. या जुळणीला ‘सेटअप’ म्हणतात आणि प्रत्येक संघ आपला सेटअप जिवापाड जपतो. चालक कितीही निर्भय असो, सेटअप चुकला असेल तर त्याला वेग सापडत नाही. बाहेरून बघणाऱ्याला मात्र चालकच कमी पडतोय असं दिसतं.

गथ्रींची गाडी शार्लटला हवा तसा वेग धरत नव्हती. तेव्हा ज्युनिअर जॉन्सन यांनी, म्हणजे केल यारबरोच्या गाडीच्या मालकांनी, आपले मुख्य मेकॅनिक हर्ब नॅब यांना सांगितलं, की यारबरोचा सेटअप बाईंना देऊन टाका. प्रतिस्पर्ध्याच्या हाती आपली विद्या द्यायची! स्प्रिंगा बदलल्या, भार बदलला आणि गाडी वेग धरू लागली. चालक तीच होती. ३० मे १९७६ ला त्या २७ व्या जागेवरून सुटल्या आणि १५ व्या आल्या. १९४९ मध्ये नॅस्कारच्या पहिल्याच मोसमात सारा ख्रिश्चन धावल्या होत्या, पण मोठ्या सुपरस्पीडवेवर या मालिकेत उतरलेल्या पहिल्या स्त्री गथ्री.

बायकांच्या अंगात इतकी ताकद नसते, असं तेव्हा उघडपणे बोललं जाई. कप गाड्यांत पॉवर स्टीअरिंग अजून रुळलं नव्हतं, आतली उष्णता भट्टीची आणि शर्यत तीन-चार तासांची. या बोलण्याला उत्तर मिळालं ते टेनेसीतल्या ब्रिस्टलला, ऑगस्ट १९७७ मध्ये. ब्रिस्टलचा ट्रॅक जेमतेम अर्ध्या मैलाचा आणि वळणांचा उतार भिंतीसारखा. वीसेक सेकंदांत एक फेरी होते, सरळ पट्टा आला म्हणेपर्यंत पुढचं वळण अंगावर येतं. हातांना उसंत नाही. अशा ४०० फेऱ्या, उन्हाळ्याच्या दिवसांत. दणकट चालकही इथे मध्येच उतरून गाडी दुसऱ्याच्या हाती देत. गथ्री सहाव्या आल्या. मालिकेतली ही त्यांची सर्वोत्तम जागा.

त्याच वर्षीची डेटोना ५०० मला तितकीच बोलकी वाटते. ३९ व्या जागेवरून निघून शेवटच्या दहा फेऱ्या उरल्या तेव्हा त्या आठव्या होत्या. तेवढ्यात इंजिनाचे दोन सिलिंडर गेले. उरलेल्या सहांवर गाडी रेटत त्यांनी शर्यत पुरी केली, बाराव्या आल्या, नवोदितांत पहिल्या. पुढे मे महिन्यात इंडियानापोलिस ५०० मध्ये धावणारी पहिली स्त्री हाही मान मिळाला. नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओंटारिओला पाच फेऱ्या त्या सर्वांत पुढे होत्या. पिवळ्या झेंड्याखाली, म्हणजे वेग आवरलेला असताना, हे खरं. पण कप शर्यतीत आघाडीवर आलेली स्त्री त्याआधी कुणी पाहिली नव्हती.

१९७८ मध्ये टेक्साकोचा पैसा मिळाला आणि इंडियानापोलिससाठी त्यांनी स्वतःचा संघ उभा केला. शर्यतीच्या दोन दिवस आधी टेनिस खेळताना उजवं मनगट मोडलं. कळलं तर उतरू देणार नाहीत, म्हणून ते लपवलं. गिअर उजव्या हाताला, तर डावा हात आडवा नेऊन गिअर टाकत त्या शर्यत धावल्या आणि नवव्या आल्या. २००५ मध्ये डॅनिका पॅट्रिक चौथ्या येईपर्यंत तिथे यापेक्षा वरची जागा कुठल्या स्त्रीला मिळाली नाही.

एवढं करूनही पैसा आटला. गथ्री पुढची काही वर्षं कंपन्यांचे उंबरे झिजवत राहिल्या. कामगिरीचा कागद हातात होता, पण बाईच्या गाडीवर आपलं नाव रंगवायला कंपन्यांचं मन धजावत नव्हतं. वर्तमानपत्रांनी ‘पहिली स्त्री’ हा मथळा एकदा छापला की त्यातली बातमी संपली, आणि प्रायोजकाचा रसही. दुसऱ्या मोसमातला सहावा क्रमांक पहिल्या मोसमातल्या पंधराव्यापेक्षा मोठा असतो, हे समजणारी माणसं गॅरेजात होती. चेकवर सही करणारी माणसं दुसरीकडे बसत.

१९८० मध्ये रॉड ऑस्टरलंड यांनी डेटोना ५०० साठी त्यांना गाडी दिली. संघातला दुसरा चालक होता तरुण डेल अर्नहार्ट, जो त्याच वर्षी मालिकेचा विजेता झाला. चांगली गाडी मिळाल्यावर गथ्री अकराव्या आल्या. त्यानंतर कप मालिकेत त्या एकदाच धावल्या.

पॅट्रिक यांनी २०१३ च्या डेटोनात आठव्या येऊन गथ्रींची अकरावी जागा ओलांडली आणि २०१४ मध्ये अटलांटाला सहाव्या येऊन ब्रिस्टलची बरोबरी केली. त्यांच्यामागे मोठा संघ आणि पूर्ण मोसमाचा प्रायोजक होता; कप मालिकेत त्या १९१ शर्यती धावल्या आणि सात वेळा पहिल्या दहांत आल्या. काळ वेगळा, स्पर्धा वेगळी, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. तरी गथ्रींच्या ३३ शर्यतींत पहिल्या दहांतली पाच स्थानं आहेत, हे नोंदवल्याशिवाय राहवत नाही. नॅस्कारच्या हॉल ऑफ फेमने २०२४ मध्ये त्यांना लँडमार्क पुरस्कार दिला, ब्रिस्टलनंतर ४७ वर्षांनी.