आर्केड स्टिक कीं गेमपॅड?

'नाचतां येईना, अंगण वांकडें' ही म्हण आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. गेल्या पावसाळ्यांत आमच्या नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले, तेव्हां तिचें आम्हांस स्मरण झालें. हे गृहस्थ परळास राहणारे, मिळकत बेताची. मुलास पडद्यावरील द्वंद्वयुद्धाच्या खेळांचा नाद. दादरच्या एका स्पर्धेंत तो पहिल्याच फेरींत हरला, आणि "गेमपॅडमुळें हरलों, मला आर्केड स्टिक घेऊन द्या," असा हट्ट धरून बसला. चांगल्या स्टिकची किंमत साध्या गेमपॅडच्या कित्येक पट! "सर, हा खर्च करावा कीं नाहीं, तुम्हींच सांगा," असें त्यांनीं विचारलें. हाच प्रश्न इतर घरींही निघत असेल, म्हणून त्याचा येथें थोडा विचार करूं.

प्रथम हीं दोन साधनें काय आहेत तें पाहूं. आर्केड स्टिक म्हणजे एक जड पेटी. तिच्या डाव्या बाजूस मुठींत धरावयाचा दांडा व उजव्या बाजूस सहा ते आठ मोठीं बटणें. दांड्याखालीं चार खटके असतात. दांडा ज्या बाजूस झुकेल त्या दिशेचा खटका दाबला जातो. तिरका झुकविला म्हणजे दोन खटके एकदम दाबले जातात, आणि चारांच्या आठ दिशा होतात. गेमपॅड दोन्ही हातांत धरावयाचा. त्यावर डाव्या आंगठ्याखालीं अधिक-चिन्हाच्या आकाराचें बटण असतें. ही युक्ति निंटेंडो कंपनीच्या गुन्पेइ योकोई यांनीं १९८२ सालीं काढली. दांड्यावर मनगट व सर्व बोटें राबतात. गेमपॅडवर बहुतेक भार आंगठ्यांवर पडतो. सारा भेद येथेंच आहे.

आमच्या पिढीस दांडा जवळचा. १९९१ सालीं कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'स्ट्रीट फायटर २' निघाला. त्यांत ठोशांचीं तीन व लाथांचीं तीन अशीं सहा बटणें होतीं. गिरगांव-लालबागच्या गल्ल्यांतील व्हिडिओ गेमच्या पार्लरांत आम्ही अशा यंत्रांपुढें उभे राहिलों आहों. १९९३ सालच्या 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' या खेळास तर आम्ही पोरें त्यांतील एका वीराच्या नांवावरून 'मुस्तफा' असेंच म्हणत असूं. डाव संपला कीं पाठच्या मुलास जागा द्यावी, हा तेथील शिरस्ता. तीं पार्लरें आतां बहुतेक मिटलीं, आणि आजचा विद्यार्थी घरीं गेमपॅडवरच खेळ शिकतो. हाताचें वळण पिढीगणिक बदललें.

आतां गुणदोष पाहूं. या खेळांत चित्र सेकंदास साठ वेळां पालटतें; हिशेब सेकंदाच्या साठाव्या भागाचा. 'हादोकेन' नांवाचा तेजाचा गोळा सोडावयाचा तर खालीं, तिरकें पुढें, पुढें आणि ठोसा, इतकें क्रमानें व वेळेंत झालें पाहिजे. दांड्यावर ही गोलाई मनगटाच्या एका झोकांत साधते, तीन बटणें एकदम दाबणें सोपें जातें, आणि एखादें बटण बिघडलें तर तेवढेंच बदलतां येतें. परंतु दांड्याचा पल्ला लांब, व त्याचे खटके वाजतात. एकाच खोलींत आजी निजली आहे, धाकटी बहीण अभ्यास करीत आहे, तेथें ही खटखट किती वेळ चालावी? शिवाय ती जड पेटी घेऊन गर्दीच्या वेळीं दादरला लोकलमध्यें चढणें हें एक दिव्यच. गेमपॅड स्वस्त, हलका व बराचसा मुका; त्यावर आंगठा डावीकडून उजवीकडे झटकन् जातो. मात्र आंगठ्यास फोड येतो, सांधा दुखतो, आणि घाईंत तिरकी दिशा चुकते.

मोठ्या स्पर्धांचा इतिहास कोणा एका पक्षास कौल देत नाहीं. २००४ सालीं अमेरिकेंतील 'इव्हो' स्पर्धेंत जपानच्या दाइगो उमेहारा यांनीं दांड्यावर खेळतांना जस्टिन वाँग यांच्या लाथांचा वर्षाव एकेक करून परतविला. तो प्रसंग आजही आवडीनें पाहिला जातो. दहा वर्षांनीं, २०१४ सालीं, त्याच स्पर्धेंत 'लफी' या नांवानें खेळणाऱ्या फ्रेंच खेळाडूनें पहिल्या प्लेस्टेशनच्या जुन्या गेमपॅडवर अजिंक्यपद मिळविलें. पुढें खुद्द उमेहारांनीं दांडा सोडून केवळ बटणांची पेटी घेतली. अशा पेटीवर डावें व उजवें एकदम दाबतां येतें. तसें झाल्यास पात्र जागींच राहिलें पाहिजे, असा नियम कॅपकॉमनें आपल्या २०२३ च्या स्पर्धांस लावला. म्हणून स्पर्धेस जाणाऱ्यानें साधन घेण्यापूर्वीं नियम वाचावे. त्याच वर्षीं हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळाचें सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनीं वयाच्या ४४ व्या वर्षीं जिंकलें. भारतातर्फे मयंक प्रजापती व अयान बिस्वास उतरले होते. घाई करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तें वय ध्यानांत ठेवावें.

आमचा कल अर्थातच दांड्याकडे. "घ्या" हा शब्द अगदीं ओठांवर आला होता. परंतु दुसऱ्याच्या कष्टाचा पैसा आपल्या आवडीपायीं खर्च करविणें बरें नव्हे, म्हणून आम्हीं एक कसोटी सुचविली. एका मित्राची स्टिक पंधरा दिवसांकरितां मागून आणली. मुलानें रोज दोन्ही साधनांवर हादोकेन उजवीकडे तोंड करून वीस वेळां व डावीकडे तोंड करून वीस वेळां करावा, आणि किती साधले तें वहींत लिहावें. सोळाव्या दिवशीं वही पाहिली. उजवीकडे गेमपॅडवर बहुतेक सर्व साधलेले. डावीकडे निम्मेही नाहींत, आणि स्टिकवर त्याहूनही कमी. नव्या साधनावर हात बसावयास महिने लागतात हें खरें. परंतु गेमपॅडचे आंकडे तर जुन्या हाताचे होते! मुलगा आजवर एकाच बाजूनें सराव करीत आला होता. त्यानें वही वडिलांपुढें ठेवली आणि म्हणाला, "बाबा, स्टिक राहूं द्या."

तात्पर्य, ज्याचा हात दांड्यावर घडला त्यानें दांडा व ज्याचा गेमपॅडवर घडला त्यानें गेमपॅड ठेवावा. आंगठा सतत दुखत असेल तर खेळ थांबवावा, आणि मग बदलाचा विचार करावा. तोही आधीं मागून पाहून, मग विकत घेऊन. शिवाजी पार्कवरील मुलगा सुद्धां बॅट हातांत तोलून पाहिल्यावांचून घेत नाहीं.

पुढच्या स्पर्धेंत आमचा विद्यार्थी दुसऱ्या फेरींत हरला. त्या रात्रीं त्यानें गेमपॅडला दोष दिला नाहीं, वही उघडली, असें त्याचे वडील आम्हांस सांगत होते.