घराचा विमा: आकडा जुना, खर्च नवा

घराचा विमा फ्लॅटच्या बाजारभावावर काढायचा नसतो. धरायचा तो बांधकामाचा खर्च, जागेची किंमत नाही. सूत्र सोपं: चटई क्षेत्र गुणिले आजचा दर.

समजा, ६०० चौरस फूट, दर २,००० रुपये. झाले १२ लाख. सिमेंट, सळई, मजुरी वाढून दर २,५०० झाला, तर तेच घर उभारायला १५ लाख! वरचे ३ लाख आपल्या खिशातून.

एप्रिल २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’मध्ये पॉलिसीच्या मुदतीत सुरुवातीच्या रकमेच्या १० टक्के वाढ दरवर्षी आपोआप मिळते, जास्तीचा प्रीमियम न भरता. पण सुरुवातच कमी असेल तर वाढही कमीच ना? म्हणून मी रिन्यू करण्याआधी ठेकेदाराला आजचा दर विचारतो. तुम्हीही विचारा.