शेअरपॉइंट : एका कळीवर बांधणी, पण जोखीम कुणाची?

मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट या सामूहिक कामकाजाच्या मंचावर कार्यालये दस्तऐवज, याद्या आणि मंजुरीचे टप्पे एकत्र ठेवतात. त्यात नवी सुविधा जोडणे मात्र दीर्घकाळ किचकट होते. आज्ञावली लिहून झाली तरी एक्सएमएल फाइली हाताने रचाव्या लागत. मग त्यांचे ‘डब्ल्यूएसपी’ पॅकेज (वस्तुतः नाव बदललेली कॅब फाइल) तयार करून ते सर्व्हरवर चढवावे लागे. एखादा ओळख क्रमांक चुकला, की सारे पुन्हा.

व्हिज्युअल स्टुडिओ २०१० ने हे श्रम आपल्याकडे घेतले. ‘एफ५’ कळ दाबताच बांधणी, पॅकेज, स्थापना आणि दोषशोधनाची तयारी ओळीने होऊ लागली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे साधन विस्तारता येत होते. तयार साच्यांत न बसणारा घटक वारंवार लागत असेल, तर संस्थेतील जाणकार त्याचा स्वतंत्र साचा किंवा स्थापनेचा जादा टप्पा एकदाच लिहून ‘व्हीएसआयएक्स’ फाइलीद्वारे सहकाऱ्यांना देऊ शकत.

नवख्यांचे काम त्यामुळे सोपे झाले, तसा धोकाही जवळ आला. पूर्ण विश्वासाच्या पातळीवरील आज्ञावली सर्व्हरच्याच प्रक्रियेत चाले. ती कोसळली तर इतरांचेही काम अडे. शेअरपॉइंट २०१० मधील ‘सँडबॉक्स’ने तिला वेगळ्या प्रक्रियेत, संसाधनांच्या मर्यादेत ठेवले. २०१७ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या शेअरपॉइंट फ्रेमवर्कने तर ती थेट वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्ये हलवली.